घाटघर ते घाटघर

सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर नावाची दोन गावे आहेत. एक जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या तोंडाशी. दुसरे अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयामागे. दोन्ही गावांच्या पश्चिमेला जमीन एकाएकी संपते आणि कित्येक शे मीटर खाली कोकण दिसू लागते. नकाशावर पट्टी ठेवली तर या दोन घाटघरांत तीसेक किलोमीटरच भरतात. पण मध्ये माळशेजच्या दऱ्या, हरिश्चंद्रगडाचा पसारा आणि मुळा नदीचे खोरे आडवे पडलेले असल्यामुळे गाडीरस्त्याने हे अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघे पुण्याहून निघून चार दिवस रेंगाळत दुसऱ्या घाटघराला पोचलो आणि पाचव्या दिवशी पुण्याला परतलो.

या प्रवासाचे खरे कारण माझे सासरे. घरात सगळेच त्यांना अण्णा म्हणतात. ते पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षे त्यांनी वितरिका आणि चाऱ्या सांभाळल्या, पाणीवाटपाची भांडणे सोडवली. पण धरणाच्या पाण्याशी त्यांची गाठ पडत असे ती ते शेताच्या बांधाशी येऊन पोचल्यावर. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली त्या दिवशी ते म्हणाले, "जन्मभर पाण्याचं शेपूट धरलं, तोंड काही पाहिलं नाही." माझ्या पत्नीने ते वाक्य मनावर घेतले. कालव्याला आवर्तन, म्हणजे ठरल्या वेळचे पाणी, सुटले की पाळी टोकाच्या शेतापासून सुरू करून वर वर सरकायचे, ही त्यांच्या खात्याची जुनी रीत. तिला तिथले लोक 'टेल टू हेड' म्हणतात. आम्हीही कुकडी नदी खालच्या अंगाला गाठून उगमाकडे जायचे आणि तिथून पुढे प्रवरेच्या उगमाशी उतरायचे, असे त्याच रीतीने ठरवले.

पहिला दिवस : पुणे, निघोज, आळे, बोरी, खोडद, जुन्नर

पहाटे सहाला निघून शिरूरला चहा-पोहे उरकले आणि नऊच्या सुमारास निघोजच्या कुंडावर पोचलो. इथे कुकडीच्या एका काठाला शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी आणि दुसऱ्या काठाला पारनेर तालुक्यातले निघोज आहे. मध्ये नदीने बेसॉल्टचे पात्र असे काही कोरून ठेवले आहे, की उन्हाळ्यात पाहणाऱ्याला एखाद्या कुंभाराने शेकडो रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरून ठेवल्याचा भास व्हावा. म्हणूनच त्यांना रांजणखळगे म्हणतात. खडकात कुठे भेग किंवा मऊ जागा सापडली की तिथे पाण्याचा भोवरा धरतो, भोवऱ्यात गोटे अडकतात आणि बाहेर पडायची वाट नसल्यामुळे तेच गोटे पिढ्यान्‌पिढ्या गरगरत खडकाला आतून खरवडत राहतात. शेजारशेजारचे दोन रांजण रुंदावत गेले की मधली भिंत फुटते, आणि नदीला आणखी खोल वाट मिळते.

आम्ही गेलो तेव्हा यातले बरेचसे दिसतच नव्हते. वरच्या धरणातून पाणी सोडलेले होते आणि तीन चतुर्थांश खळगे गढूळ पाण्याखाली गेले होते. पत्नीचा चेहरा उतरला, कारण तिने मोबाइलवर पाहून ठेवलेली सगळी छायाचित्रे मे महिन्यातली होती. अण्णा मात्र खूश झाले. "बंद कारखाना सगळेच बघतात," ते म्हणाले, "आज चालू आहे." काठाकडचा एक रांजण पाण्याच्या पातळीपेक्षा जरासा वर होता. प्रत्येक लाटेसरशी त्यात एका बाजूने पाणी शिरे, भिंतीला घासत एक पूर्ण वळसा घेई, मध्यभागी खळगी पाडून खाली बसे आणि दुसऱ्या लाटेपर्यंत संथ फिरत राही. अण्णा छत्रीचा आधार घेऊन गुडघ्यावर बसले आणि त्यांनी कान खाली नेला. मीही वाकलो. पाण्याच्या आवाजाच्या खाली दुसरा एक आवाज होता, जाड आणि बोथट, रिकाम्या हंड्यात बटाटे हलवल्यासारखा. तो गोट्यांचा होता. कोरड्या खळग्यातून अण्णांनी कोंबडीच्या अंड्याएवढा, सर्व बाजूंनी गुळगुळीत झालेला एक गोटा उचलून खिशात टाकला आणि नमुना म्हणून तो ताब्यात घेत असल्याचे आम्हाला कळवले.

निघोजची मळगंगा देवी जागृत मानली जाते. चैत्रातल्या यात्रेत बारवेच्या पाण्यातून घागर आपोआप वर येते अशी श्रद्धा असून तिच्या दर्शनाला मोठी गर्दी लोटते. जिथे नदी स्वतः रांजण घडवते, तिथल्या देवीने घागर वर पाठवावी, हे मला फार सुसंगत वाटले.

अळकुटी, बेल्हे करत आळ्याला आलो. आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा भावंडांबरोबर आळंदीकडे येत असता इथे निवर्तला आणि माउलींनी त्याला समाधी दिली, अशी कथा आहे. देवळात भाविक रेड्याच्या मूर्तीसमोर त्याच आदराने माथा टेकतात ज्या आदराने ते संतांसमोर टेकतील. एका आजोबांनी आम्हाला सांगितले, "माणसं बोलतात त्याचं काय, तो बोलला." यावर बोलण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते.

आळ्याहून मुख्य रस्ता सोडून बोरी बुद्रुककडे वळलो, ते राख पाहायला. कुकडीच्या काठच्या गाळात इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या थराचा अभ्यास केला. राख आपल्या सह्याद्रीची नाही. ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. मात्र ती टोबाच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटातली की त्याच्याही फार आधीच्या एखाद्या स्फोटातली, यावर अभ्यासकांत वाद आहे. शेतात काम करणाऱ्या एका तरुणाने बैल सोडून आम्हाला काठापर्यंत नेले आणि दरडीतला फिकट करडा पट्टा दाखवला. चिमटीत घेतल्यावर ती टाल्कम पावडरीसारखी मऊ लागते, आणि लगेच बोटांना किंचित खरखर जाणवते, कारण ती काचेच्या सूक्ष्म कणांची आहे. समुद्र ओलांडून आलेली राख अण्णांनी दोन बोटांत चोळली आणि "भांडी लख्ख निघतील" असा अभिप्राय दिला.

तिथून खोडद अगदी जवळ. कांद्याच्या आणि उसाच्या शेतांतून जाताना प्रथम एक पांढुरकी जाळीदार थाळी दिसली, मग दुसरी, मग वळणावर एकदम पाच-सहा. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना इथे आहेत. त्यांतल्या चौदा मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात विखुरलेल्या, आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर दूरवर उभ्या केलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ही दुर्बीण उभी राहिली. थाळ्या भरीव पत्र्याच्या नसून ताणून बसवलेल्या बारीक तारांच्या जाळीच्या आहेत, त्यामुळे वजन आणि खर्च तर वाचतोच, शिवाय वारा आरपार जातो. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींना ती जाळी भरीव आरशासारखीच वाटते. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, ती आम्ही काढली नव्हती. रस्त्याच्या कडेला गाडी लावून पाहत बसलो. अर्ध्या तासाने, काहीही आवाज न करता, समोरच्या तिन्ही थाळ्या एकाच वेळी हळूहळू ईशान्येकडे कलल्या. शेजारच्या वावरात खुरपणाऱ्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही.

नारायणगावात मिसळ खाऊन जुन्नर गाठले. तमाशाच्या फडांच्या राहुट्या नारायणगावला यात्रांच्या हंगामाआधी, उन्हाळ्याच्या तोंडावर लागतात. आम्ही गेलो तेव्हा त्या जागेवर शेळ्या चरत होत्या.

दुसरा दिवस : जुन्नर, कुकडेश्वर, नाणेघाट, माळशेज

जुन्नरला उतरून शिवनेरी न चढणे हा गुन्हाच. पण अण्णांचे गुडघे आणि आमचे यापूर्वीचे तीन शिवनेरी दौरे ध्यानात घेऊन किल्ल्याला खालूनच मुजरा केला. माणिकडोहच्या धरणाजवळ दोन तट पडले. अण्णांना सांडवा पाहायचा होता आणि पत्नीला बिबट्या निवारा केंद्राची पाटी खुणावत होती. जुन्नरच्या उसात बिबट्यांची वस्ती आहे, पिंजऱ्यात अडकलेले आणि जखमी झालेले बिबटे या केंद्रात ठेवतात. आत जाता येणार नाही असे कळल्यावर सांडवा जिंकला. कुकडी प्रकल्पात माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे आहेत, हे अण्णांनी पाच बोटे मोडून सांगितले. प्रत्येकाचे पाणी कोणत्या तालुक्याला जाते आणि कोणता तालुका ते आपल्यालाच कमी मिळाले म्हणून ओरडतो, हेही त्यांनी विस्ताराने सांगितले. ते मी इथे गाळतो.

आपटाळ्यापुढे चावंडचा किल्ला उजवीकडे ठेवून रस्ता वर चढतो. उतारांवर सोनकी फुलली होती आणि भाताच्या खाचरांना तो विशिष्ट पोपटी रंग आला होता जो पंधरा दिवसांत पिवळा पडतो. पूर गावातले कुकडेश्वराचे देऊळ कोरीव दगडांचे आहे. झंझ नावाच्या शिलाहार राजाने नद्यांच्या उगमांशी बारा शिवमंदिरे बांधली अशी परंपरा या भागात सांगतात, आणि कुकडेश्वर हे त्यांतले एक. देवळाच्या परिसरातून उगम पावणारी कुकडी इथे इतकी लहान आहे, की अण्णांनी सरळ एक पाय एका काठावर आणि दुसरा पाय दुसऱ्या काठावर ठेवला आणि त्याच स्थितीत छायाचित्र काढून घेतले. काल याच नदीपलीकडे जायला आम्हाला पूल लागला होता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा प्रवास मी तिच्या नादात केला. या देवळापासून कोकणचा कडा थोड्याच किलोमीटरांवर आहे. कुकडीने पश्चिमेची वाट धरली असती तर अरबी समुद्र तिला दोन दिवसांत भेटला असता. त्याऐवजी समुद्राकडे पाठ फिरवून ती घोड नदीला, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते, आणि हे पाणी सबंध द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरात पडते. सह्याद्रीचा उतार पूर्वेला असल्यामुळे असे होते, हे शाळेत शिकलो होतो. पण त्या ओढ्यात पाय बुडवून उभे राहिल्यावर ते जरा हट्टी वाटते.

पहिले घाटघर आले आणि त्यापुढे नाणेघाट. कातळात कापलेल्या खिंडीतून जुनी फरसबंद वाट खाली वैशाखऱ्याकडे उतरते. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल याच वाटेने चढून जुन्नर आणि पुढे पैठणकडे जाई. खिंडीच्या वरच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, तो जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. दोन हजार वर्षांपूर्वी त्यात नाणी पडत असतील तर असोत. आमच्या वेळी त्यात पावसाचे पाणी, वेफर्सची दोन पाकिटे आणि एक बेडूक होता. अण्णांनी छत्रीने रांजणाचा व्यास मोजला, खोली मोजली, तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि घनफळ सांगायला नकार दिला. "आतला कचरा वजा करायला हवा," ते म्हणाले. मग खिशातला कालचा गोटा काढून त्यांनी रांजणाच्या काठावर ठेवला आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले. "तो नदीनं कोरला आणि हा खात्यानं. काम नदीचं साफ आहे."

खालच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. सातवाहन राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, गावे आणि हजारोंच्या संख्येने कार्षापण नावाची नाणी. भारतीय अंकांच्या इतिहासात हा लेख फार मोलाचा मानला जातो, कारण या रकमा त्यात आकड्यांच्या चिन्हांनी कोरल्या आहेत. याच लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या, त्यांची नावे वर कोरलेली आहेत. मूर्ती मात्र गेल्या आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. आत अंधार होता, भिंती ओलसर होत्या. टॉर्चच्या प्रकाशात अक्षरे एका कोनातून उमटत आणि हात जरासा हलला की पुसली जात. यज्ञाचे पुण्य कोणते ते मला ठाऊक नाही, पण हिशेब चोख ठेवण्याची वृत्ती अण्णांना पसंत पडली.

खिंडीतून वर आल्यावर वारा वाढला होता. नाणेघाटाचा उलटा धबधबा ऐन पावसाळ्यात जोरात असतो: कोकणातून सुसाट येणारा वारा कड्यावर आदळून सरळ वर उसळतो आणि काठावरून पडू पाहणाऱ्या पातळ धारेला उचलून पुन्हा माथ्यावर फेकतो. सप्टेंबरअखेर ओढ्याला पाणी बेताचे होते आणि वाराही लहरी. पंधरा-वीस मिनिटे धार मुकाट्याने खाली पडत राहिली. मग दरीतून ढग वर आला, एक जोराचा झोत बसला आणि धारेची खालची बाजू आधी फुगली, मग पिंजली आणि सबंध धार कापसासारखी होऊन आमच्या अंगावर आली. त्याच झोतात अण्णांच्या डोक्यावरची पांढरी टोपी उडाली. ती दरीत जाईल या भीतीने पत्नी ओरडली, पण टोपी दरीकडे गेलीच नाही. ती सरळ वर चढली, आमच्या डोक्यांवरून मागे गेली आणि पन्नास पावलांवर करवंदीच्या जाळीत अडकली. ती सोडवताना माझे दोन्ही हात ओरबाडले. अण्णांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि जे पाणी नुकतेच वर आले त्याचे खोरे कोणते धरायचे, असा प्रश्न विचारला. पडले असते तर कोकणचे. परतले म्हणून देशावरचे. त्यांच्या मते खात्यात यावरून दोन वर्षे पत्रव्यवहार चालला असता.

गणेशखिंडीतून मढमार्गे माळशेजला पोचेपर्यंत अंधारले. माळशेजबद्दल फार लिहीत नाही. घाट सुंदर आहे, धुके दाट होते, आणि दर वळणावर एकेक गाडी दारे उघडी टाकून मोठ्याने गाणी वाजवत उभी होती. मुक्कामाच्या जागी भिंतीवर 'गरम पाणी सकाळी ६ ते ८' अशी पाटी होती. साडेसहाला नळातून थंडगार पाणी आले. "आवर्तन चुकलं," अण्णा म्हणाले आणि त्याच पाण्याने त्यांनी आंघोळ केली.

तिसरा दिवस : खिरेश्वर, ओतूर, कोतूळ, राजूर, शेंडी

पिंपळगाव जोगे धरणाच्या बांधाने खिरेश्वरला गेलो. रोहित पक्ष्यांसाठी हा जलाशय प्रसिद्ध असला तरी ते येतात हिवाळ्यात. आमच्या वाट्याला बगळे आले. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे इथले नागेश्वर मंदिर लहान आहे, पण त्याचे कोरीव छत पाहायला मान मोडेपर्यंत वर बघत राहावे लागते. गडावर केदारेश्वराची गुहा आहे. तिथल्या भल्या मोठ्या पिंडीभोवती कमरेएवढे गार पाणी असते, आणि छताला आधार देणाऱ्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. ती मी पंचविशीत पाहिली होती. आता खालूनच गड दाखवला आणि पुढे निघालो.

ओतूरहून ब्राह्मणवाड्याकडे चढणारा रस्ता मला या प्रवासातला सर्वांत आवडला, कारण त्यावर पाहण्यासारखे असे काहीही नाही. त्यामुळे कोणी थांबत नाही. बाजरीची कणसे, तेरड्याचे जांभळे पट्टे, वळणावर एखादे म्हसोबाचे ठाणे आणि मागे सतत सरकत राहणारा हरिश्चंद्रगड. अशा रस्त्यावर पंक्चर व्हायचेच. स्टेपनी काढली, पाना लावला, पण जॅक ओल्या मातीत रुतत चालला. गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच खाली जात होता. मेंढरे घेऊन चाललेल्या एका धनगरबाबाने दोन मिनिटे आमची खटपट पाहिली, मग काही न बोलता रस्त्याकडेचा एक चपटा दगड आणून जॅकखाली सरकवला. चाक बदलून होईपर्यंत तो काठीवर हनुवटी टेकून उभा होता. अण्णांनी त्याला पाऊसपाणी विचारले. "वर झालं, खाली नाय," एवढे बोलून तो मेंढरांमागे गेला. अण्णांच्या मते राज्याच्या जलनियोजनाचा याहून आटोपशीर अहवाल त्यांच्या वाचनात आला नव्हता.

कोतूळला मुळेच्या काठी पंक्चरवाला मिळाला. त्याने ट्यूब फुगवून टबातल्या गढूळ पाण्यात बुडवली, हळूहळू फिरवली, आणि एका जागेवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागताच तिथे अंगठा दाबला. बाभळीचा काटा होता. काटा पत्नीने जपून ठेवला आहे.

कोतूळहून आणखी एक डोंगररांग ओलांडली की मुळेचे खोरे सुटते आणि प्रवरेचे सुरू होते. राजूरचा पेढा या भागात नावाजलेला आहे. पाव किलो घ्यायला म्हणून उतरलो आणि एक किलो घेऊन परतलो. अकोले तालुक्याचा हा डोंगराळ भाग महादेव कोळी समाजाचा, इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या राघोजी भांगऱ्यांचा. देशी वाणांची बीजबँक उभारून २०२० साली पद्मश्री मिळवणाऱ्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. राजूरच्या बाजारात एका आजीबाईंपुढे वालाच्या शेंगांचे सहा निरनिराळे ढीग होते. मला सगळे सारखेच दिसले, हे कळल्यावर त्यांनी मला ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही.

रंधा धबधब्यावर प्रवरा एका अरुंद घळीत कोसळते. तुषार इतके वर उठत होते की काठावरच्या घोरपडा देवीच्या देवळाची पायरी ओली होती. इथल्या कठड्याची उंची अण्णांना अपुरी वाटली. संध्याकाळी शेंडीला मुक्काम केला.

चौथा दिवस : विल्सन धरण, रतनवाडी, घाटघर

सकाळी आधी विल्सन धरण. १९१० साली सुरू झालेले हे दगडी बांधकाम १९२६ साली पुरे झाले. त्या काळात इतक्या उंचीचे धरण देशात नव्हते. मागच्या जलाशयाला सरकारी कागदांत आर्थर लेक म्हणतात, लोक भंडारदराच म्हणतात. धरणाच्या पायाशी मोरीतून सोडलेले पाणी एका गोलसर खडकावरून पसरत पडते तेव्हा उघडलेल्या छत्रीसारखे दिसते, म्हणून त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. तो पाहायचा तर नशीब लागते, कारण तो पावसावर नव्हे, तर मोरी उघडण्यावर चालतो. आमच्या दिवशी छत्री उघडी होती. अण्णा धबधब्याकडे पाठ करून धरणाची भिंत न्याहाळत होते. पर्यटक एका बाजूला पाहत होते आणि हे एकटे दुसऱ्या बाजूला. "शंभर वर्षं झाली, चुना कसा धरून बसलाय बघा, जावईबापू," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी एवढ्या प्रेमाने कशाहीबद्दल बोलल्याचे मला स्मरत नाही, आणि यात त्यांची मुलगीही आली.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडीला जातो. अमृतेश्वराचे देऊळ झंझ राजाच्याच बारा देवळांपैकी मानले जाते. काळ्या पाषाणावर पायापासून शिखरापर्यंत नक्षी आहे आणि जवळच चौरस पुष्करणी, जिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती बसवल्या आहेत. देवळामागे रतनगड उभा. ढग फाटले तेव्हा त्याच्या माथ्यावरचे नेढे, म्हणजे खडकाला आरपार पडलेले भोक, क्षणभर दिसले आणि मिटले. प्रवरा या गडावरून येते. गाभाऱ्यात पाणी साचलेले होते आणि पिंडी त्याखाली होती. गुरवाने सांगितले, पाऊस चांगला झाला की देव पाण्यातच बसतो.

साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत चाललो. जमिनीला पडलेल्या या अरुंद, खोल भेगेत पावसाळ्यात पाणी भरते आणि तिथे उतरणे जिवावर बेतू शकते. गावकऱ्यांनी आम्हाला ते बजावले आणि आम्हीही धाडसाचा आव आणला नाही. दुपारी तीनला दुसरे घाटघर आले. जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ती हीच जागा. घरांच्या भिंतींना पावसाकडच्या बाजूने पेंढ्याचे आणि पानांचे जाड कूड अजून लावलेले होते.

कड्यावर उभे राहिले की खाली शहापूर तालुक्यातले चोंढे आणि तिथला दुसरा जलाशय दिसतो. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प तो हाच. वरच्या धरणातले पाणी बोगद्यांतून सुमारे चारशे मीटर खाली सोडून जमिनीखालच्या वीजगृहात दोन संच फिरवले जातात. एकूण क्षमता २५० मेगावॉट. २००८ साली तो पूर्ण झाला. इथली धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत, आणि भारतात हे तंत्र प्रथम इथेच वापरले गेले. पण खरी गंमत पुढे आहे. संध्याकाळी सगळीकडचे दिवे एकदम लागतात तेव्हा पाणी खाली येते, आणि मध्यरात्रीनंतर विजेची मागणी उतरली की तीच यंत्रे उलटी फिरवून खालचे पाणी पुन्हा वर चढवतात. रोजचे रोज तेच पाणी.

"वर चढवायला वीज जास्त लागत असणार ना?" पत्नीने विचारले.

"लागतेच."

"मग हा तोट्याचाच धंदा झाला की, अण्णा."

"तोट्याचा कसा? रात्री दोनची वीज आणि संध्याकाळी सातची वीज एका भावाची नसते. तुझी आई दुपारी भाजी घेत नव्हती, रात्री मंडई उठताना घ्यायची. तसंच."

मला नाणेघाटची टोपी आठवत होती. तिथे वारा जे पाणी मिनिटभर उलटे फेकतो, ते इथे माणूस रोज रात्री तास न्‌ तास वर नेतो, आणि या दोन जागांची नावे एकच आहेत. मी हे अण्णांना सांगायला गेलो, तर ते जलाशयाच्या काठावरची ओल्या मातीची रेघ छत्रीने दाखवत होते. सकाळपासून पातळी किती उतरली ते त्या रेघेवरून कळत होते. मग तिथेच कठड्यावर बसून त्यांनी राजूरचे तीन पेढे खाल्ले. डॉक्टरांनी त्यांना एकाचीही परवानगी दिलेली नाही.

पाचवा दिवस : शेंडी ते पुणे

परतीचा रस्ता अकोल्यावरून संगमनेरला आणि तिथून पुणे-नाशिक महामार्गाने. संगमनेरपर्यंत प्रवरा कधी जवळ, कधी लांब अशी सोबत होती; पुढे चंदनापुरीच्या घाटानंतर नुसता वेग. पत्नी गाडी चालवत होती, अण्णा मागे झोपले होते आणि खिशातला गोटा घसरून सीटवर आला होता.

आळेफाटा मागे पडला आणि कुकडीचा पूल आला. चाकांचा आवाज बदलल्याने अण्णा जागे झाले. काच खाली करून त्यांनी पात्र पाहिले. पाणी पहिल्या दिवसापेक्षा वर चढले होते आणि काठाची बाभूळ अर्धी बुडाली होती.

"येडगावचा विसर्ग वाढवलाय," ते म्हणाले. "निघोजला आता एकही रांजण दिसायचा नाही."

त्यांनी चाचपडून गोटा शोधला, खिशात टाकला, काच वर केली आणि पुन्हा डोळे मिटले.